यथावकाश, म्हणजे कोणत्या तारखेला?

यॉर्कशरमधल्या हार्करबी गावात मी अकरा वर्षं बेरिल कॅचपोलच्या घरी, वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. मी घर सोडायला निघालो तेव्हा तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून ही पत्रं, तिच्या स्वतःच्या पत्रांच्या नकलांसह, काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही लिहिणारे आहात, बघा काही होतं का." भाषांतर करताना, इंग्रज माणूस जिथे 'इन ड्यू कोर्स' म्हणतो, तिथे मी सरसकट 'यथावकाश' लिहिलं आहे. आपल्याकडच्या सरकारी पत्रांतही हा शब्द त्याच जागी बसलेला असतो, शेवटच्या ओळीत, 'आपला विश्वासू'च्या जरा वर, आणि तो वाचून माणूस तसाच दमतो. बाकी मी कशाला हात लावलेला नाही.

*

बिशपची नोंदणी कचेरी
१७ सप्टेंबर १९७३

श्री. विल्फ्रेड ऑग्डेन यांस,

महोदय,

आपल्या दिवंगत पत्नी श्रीमती एलिनर ऑग्डेन यांच्या थडग्यावर दगड उभारण्यास परवानगी मिळण्याबाबतचा आपला अर्ज या कचेरीस मिळाला आहे. दगडावरील मजकुराबाबत, विशेषतः नावाबाबत, विचार चालू आहे. निर्णय आपणास यथावकाश कळविण्यात येईल.

आपली विश्वासू,
बी. कॅचपोल
रजिस्ट्रारकरिता

*

हार्करबी
२० सप्टेंबर १९७३

प्रिय मिस कॅचपोल,

पत्र मिळालं. सहीपर्यंत पोचायच्या आधीच मी तुम्हाला ओळखलं. 'निर्णय आपणास यथावकाश कळविण्यात येईल' हे वाक्य मीच तुम्हाला १९५१ साली, बरोच्या नगरपालिकेच्या कचेरीतल्या तुमच्या पहिल्या सोमवारी टाइप करायला दिलं होतं. त्या दिवशी तुम्ही ते सव्वीस पत्रांत टाइप केलंत आणि संध्याकाळी मला विचारलंत, "मिस्टर ऑग्डेन, या सव्वीस लोकांना आता नेमकं काय कळलं?" मी म्हणालो, घरी जा, पाऊस येतोय. आज तेच वाक्य माझ्या दाराच्या फटीतून आत पडलं. चहा गार होईपर्यंत मी ते हातात धरून बसलो होतो.

आता कामाचं. नेल गेल्या नोव्हेंबरात गेली. माती बसायला सहा महिने द्यायचे असतात, ते मी दिले. मे महिन्यात अर्ज केला. आमच्या चर्चचा व्हिकर भला माणूस आहे, पण तो म्हणाला की नियमाप्रमाणे दगडावर बाप्तिस्म्याचं नाव लागतं, एलिनर. लाडाचं, घरगुती नाव चालत नाही. 'नेल' हवं असेल तर बिशपच्या चॅन्सलरसाहेबांची परवानगी पाहिजे. म्हणून अर्ज तुमच्याकडे आला.

तिला एलिनर फक्त तिची एक मावशी म्हणायची, आणि शेवटी शेवटी इस्पितळातली नर्स. दोघींनाही तिने ओ दिली नाही. दगड हॉलरॉईड पाथरवटाच्या अंगणात तयार उभा आहे, साल कोरून झालं आहे, फक्त नावाची जागा रिकामी आहे. तोवर थडग्यावर लाकडी क्रॉस आहे. त्याचा रंग निघायला लागलाय.

मला घाई नाही, मिस कॅचपोल. माझ्या वयाला थोडी आहे. त्या मातीत ती नेल म्हणून झोपली आहे हे मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं आहे, एवढंच.

तुमचा,
विल्फ्रेड ऑग्डेन

*

२ ऑक्टोबर १९७३

प्रिय मिस्टर ऑग्डेन,

हे पत्र मी घरून लिहितेय, कचेरीच्या कागदावर नाही. अर्जावर तुमचं नाव पाहिलं तेव्हाच दोन ओळी जास्तीच्या लिहायला हव्या होत्या. नाही लिहिल्या. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्यासमोर एकेचाळीस अर्ज होते आणि मी हात चालवत होते, डोकं नाही.

इथे खुर्च्या तीन आहेत आणि माणसं दोन. चॅन्सलरसाहेब पंधरा दिवसांतून एका मंगळवारी येतात, जेवणापर्यंत सह्या करतात आणि जातात. कुणाला थडग्यावर संगमरवरी कुत्रा हवा, कुणाला घंटा बदलायची, कुणाला चर्चच्या भिंतीला पाण्याचा नळ. सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. घरी आई दोन वर्षं अंथरुणावर आहे. सकाळी तिचं आवरून मी बस पकडते आणि बसमध्ये उभी असतानाच मला झोप येते. ही सबब नाही. तुम्हीच शिकवलंत की सबब सांगायची झाली तर ती पहिल्या ओळीत सांगावी, शेवटच्या नाही. मी मधे सांगितली.

तुमचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. काही कळलं की मीच लिहीन, यथावकाश. बघा, आलाच. हा शब्द आता माझ्या बोटांतच राहतो.

आपली,
बेरिल कॅचपोल

*

६ ऑक्टोबर १९७३

प्रिय बेरिल,

तेरा वर्षं तू माझ्या शेजारच्या टेबलावर होतीस आणि मी तुला एकदाही नावाने हाक मारली नाही. आता निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा हरकत नसावी. आईची तब्येत ऐकून वाईट वाटलं.

त्या शब्दाबद्दल आठवड्याभर विचार केला. दुसरं काम नाही मला. 'लवकरच' असं कुणी लिहिलं की समजावं, लिहिणाऱ्याला लाज वाटते आहे. 'शक्य तितक्या लवकर' लिहिलं की समजावं, तो मनातल्या मनात दुसऱ्या कुणाच्या नावाने खडे फोडतो आहे. 'यथावकाश'मध्ये मात्र माणूसच नसतो. कोण करणार, कधी करणार, केलं नाही तर कुणाचा कान धरायचा, काहीच नाही. कचेरीने स्वतःभोवती घातलेलं कुंपण आहे ते. आणि ते इतकं सभ्य आहे की भांडताही येत नाही. मागच्या आठवड्यात डॉक्टरसुद्धा म्हणाले, अहवाल यथावकाश येईल. मी म्हणालो, धन्यवाद. दुसरं काय म्हणणार?

पण तुला माझी खिशातली डायरी आठवत असेल. तुम्ही सगळ्याजणी हसायचात, म्हाताऱ्याचं प्रार्थनेचं पुस्तक म्हणून. ती कुठून आली हे मी तुला कधी सांगितलं नाही.

१९३१ साली टॅनर्स रो या गल्लीतून एक पत्र आलं. गल्लीत दिवा नाही, गिरणीच्या बायका अंधारात घरी येतात, दोघी पडल्या, एकीचा हात मोडला. मी उत्तर पाठवलं, विषय विचाराधीन आहे, यथावकाश कळवू. दोन दिवसांनी एक बाई खिडकीशी येऊन उभी राहिली. कोटातून पाणी गळत होतं, केसांत कापसाचे तंतू. माझं पत्र तिने काउंटरवर ठेवलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"ही तारीख कोणती?"

"अशी तारीख नसते, मॅडम."

"मग लिहिलंत कशाला?"

"तशी पद्धत आहे."

"तुमच्याकडे डायरी आहे?"

होती. रिकामी. मी ती काढली, कारण मागे रांग लागली होती आणि मला ती बाई तिथून जायला हवी होती. पेन्सिलीने ९ नोव्हेंबर लिहिलं, अगदी मनाला आलं ते. तिने डायरी स्वतःकडे फिरवून घेतली, वाचली, आणि म्हणाली, "बरं. त्या दिवशी मी दिव्याखाली येऊन उभी राहीन. तुम्हीपण या."

ती येऊन उभी राहणार या धास्तीने मी पाच आठवडे सर्व्हेअरच्या मागे लागलो. ९ नोव्हेंबरला दिवा लागला. दुसऱ्या दिवशी तिने कचेरीत पार्किन, म्हणजे आल्याचा केक, आणला, वास सगळ्या मजल्यावर. ती नेल. त्यानंतर तेहेतीस वर्षं माझ्या टेबलावरून 'यथावकाश' हा शब्द डायरीत तारीख घातल्याशिवाय कधी बाहेर गेला नाही. लोकांना ती तारीख माहीत नसायची. मला असायची, आणि मी ती पाळायचो.

मी गेल्यावर तूही तसं करत असशील असं धरून चालतो. मला परवानगीचं वचन नको, बेरिल. तुझ्या डायरीत माझ्या कागदासमोर कोणती तारीख आहे, तेवढं सांग.

तुझा,
विल्फ्रेड ऑग्डेन

*

२५ ऑक्टोबर १९७३

प्रिय मिस्टर ऑग्डेन,

सोमवार, १४ जानेवारी. दगड त्या दिवशी उभा राहील.

नेलबाईंची ती गोष्ट वाचून खूप बरं वाटलं. मला त्या कचेरीच्या नाताळच्या चहाला यायच्या तेवढ्याच आठवतात, आणि त्यांनी माझे हात किती गार आहेत म्हणून आपले हातमोजे देऊन टाकले होते, ते. अजून आहेत.

घाईत आहे, आईला सर्दी झालीय.

आपली,
बेरिल

*

१५ जानेवारी १९७४

प्रिय बेरिल,

काल सोमवार होता.

साडेनऊला मी चर्चच्या आवारात गेलो. घडीचं स्टूल नेलं होतं आणि फ्लास्कमध्ये चहा. गवत गोठलेल्या दवाने पांढरं पडलं होतं. दहा वाजले, अकरा वाजले. मला वाटलं, कोळशाच्या टंचाईने आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळते आहे, हॉलरॉईडची करवत चालत नसेल, हाताने काही करत असेल, येईल. बारा वाजता व्हिकरची बायको आली आणि माझ्या हाताला धरून मला घरात घेऊन गेली. तिने हॉलरॉईडला फोन लावला. तो म्हणाला, कसला दगड, कसली तारीख, मला कुणी काहीच सांगितलेलं नाही.

तारीख चुकते हे मला कळतं. सर्व्हेअर आजारी पडतात, गाड्या येत नाहीत. माझ्याही चुकल्या, आणि प्रत्येक वेळी मी त्या माणसाच्या घरी जाऊन सांगितलं.

खोकला लागलाय, त्याची काळजी करू नकोस. एकच विचारतो. १४ जानेवारी ही तारीख तुझ्या डायरीत होती का?

वि. ऑग्डेन

*

१९ जानेवारी १९७४

प्रिय मिस्टर ऑग्डेन,

नव्हती. माझ्याकडे डायरीच नाही.

तुम्ही निवृत्त झालात त्याच वर्षी मी इकडे आले. पहिले सहा महिने ठेवली होती. मग एक दिवस चौदा तारखा एकाच शुक्रवारी आल्या आणि चौदाही पाळता आल्या नाहीत. सोमवारी मी ती खणात टाकली. कुणी विचारलं नाही. तारखा नसल्या की पाळाव्या लागत नाहीत हे कळल्यावर मला किती हलकं वाटलं होतं, ते सांगायलाही लाज वाटते.

दुसरं यापेक्षा वाईट आहे. तुमचा कागद साहेबांच्या टेबलावर कधीच नव्हता. त्यांनी तो ११ सप्टेंबरलाच परत दिला होता. कोपऱ्यात लिहिलंय, 'एलिनर लिहावे. घरगुती नावे नकोत.' तेवढंच. म्हणजे मी तुम्हाला ते पहिलं पत्र पाठवलं तेव्हा नकार माझ्या खणात होता. अर्जावर तुमचं नाव होतं आणि मला 'नाही' टाइप करवेना. म्हणून यथावकाश लिहिलं. मग तुम्ही तारीख मागितलीत. जानेवारी तेव्हा खूप लांब वाटला, आणि मला वाटलं तोवर काहीतरी होईल. साहेब बदलतील, किंवा तुम्हीच म्हणाल की जाऊ दे, एलिनर तर एलिनर. तुम्ही थंडीत स्टूल घेऊन जाल हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. नेलबाई दिव्याखाली उभ्या राहणार होत्या हे तुम्ही मला आधीच लिहिलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळपासून मी काही खाल्लेलं नाही. हे तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, पण सांगते.

बेरिल

*

२ फेब्रुवारी १९७४

बेरिल,

मला राग आला. दहा दिवस होता, म्हणून उत्तर उशिरा. तू मला नकार दिला असतास तर मी भांडलो असतो, पत्रं लिहिली असती, बिशपच्या दाराशी जाऊन बसलो असतो. तू माझे चार महिने घेतलेस, आणि माझ्यापाशी फार महिने नाहीत. डॉक्टरांचा अहवाल नोव्हेंबरातच आला. हृदय. ते मी तुला लिहिलं नव्हतं, तेव्हा लपवण्याचा हिशेब दोन्हीकडचा आहे.

तुझ्यावर रागावून झाल्यावर स्वतःकडे पाहणं भाग पडलं. तेहेतीस वर्षं एकही यथावकाश तारखेविना गेला नाही असं मी लिहिलं होतं. कचेरीतून गेला नाही, हे खरं. घरी गेला.

नेलची बहीण व्हिटबीला असते, समुद्रावर. मी निवृत्त झालो तेव्हा नेल म्हणाली, आपण तिकडे जाऊ या, दोन खोल्या पुरतील, मला सकाळी उठल्यावर पाणी दिसायला हवंय. मी पेपर वाचत होतो. म्हणालो, जाऊ, यथावकाश. तिने विचारलं, "विल्फ, तारीख?" मी म्हणालो, अगं, आता मी कचेरीत थोडाच आहे. ती हसली आणि कपबशा उचलायला लागली. पुन्हा कधी विचारलं नाही. आठ वर्षं आम्ही याच खिडकीतून समोरच्या कोळशाच्या वखारीकडे बघत राहिलो. तिच्याबरोबर मी एकदाही डायरी काढली नाही. जिच्यामुळे ती खिशात होती, तिच्यासाठीच नाही.

म्हणून तो दगड तारखेला उभा राहायला हवा होता. नाव काय आणि दगड काय, तिला आता काही फरक पडत नाही हे मला कळतं. मला पडतो.

मी दमलोय, बेरिल. तूही दमलीस हे दिसतंय. रागावून पत्र संपवायचं नाही म्हणून सांगतो, काहीतरी खा.

विल्फ्रेड

*

२७ मार्च १९७४

प्रिय मिस्टर ऑग्डेन,

आधी बातमी. परवानगी मिळाली. दगडावर 'नेल' येईल. सही झालेला कागद सोबत आहे, आधी तो बघा आणि मग बसून पुढचं वाचा.

तुमचं फेब्रुवारीचं पत्र मी पर्समध्ये घेऊन फिरत होते. मग मला आठवलं, तो दिवा. एक एप्रिलपासून आपली जुनी बरो संपते, सगळं नव्या जिल्ह्यात जातंय, तेव्हा जुन्या कचेरीचे कागद पोत्यांत भरत असणार. मी जेवणाच्या सुट्टीत बसने गेले. तीन दिवस, रोज चाळीस मिनिटं. तळघरात वीज नव्हती, मेणबत्ती घेऊन. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या दिव्यांची नोंदवही मिळाली, पोत्याच्या तळाशी, दोरीने बांधलेली.

'दिवा क्रमांक २१२, टॅनर्स रो. ९ नोव्हेंबर १९३१. नेलचा दिवा.'

अक्षर तुमचं आहे. मी ते अक्षर तेरा वर्षं टाइप केलंय, मला दुसरं कुणाचं वाटणार नाही. तुम्ही सरकारी वहीत गंमत केलीत, आणि ती विसरलातही. पण पुढची पानं बघायला हवी होतीत तुम्ही. दिवे लावणाऱ्यांनी लिहिलंय, 'नेलच्या दिव्याची काच फुटली.' पोलिसाने लिहिलंय, 'नेलच्या दिव्यापाशी भांडण.' गॅस गेला, वीज आली, तरी १९६८ पर्यंत सगळे तेच लिहितात. दिव्याला नंबर आहे हे कुणाला माहीतच नसावं.

काल मंगळवार होता. मी वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि समोरच्या खुर्चीत बसले. नऊ वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मिस कॅचपोल, हे काय?"

"दिव्यांची नोंदवही, सर."

"मला कशासाठी?"

"खूण घातलीय तिथे वाचा."

वाचलं. म्हणाले, "कोण ही नेल?"

"जिचा कागद तुम्ही सप्टेंबरात परत केलात, ती. घरगुती नावं नकोत म्हणून."

"हे तर नवऱ्याचंच अक्षर दिसतंय."

"हो, सर. पहिली ओळ त्यांची. पुढची सदतीस वर्षं दिवेवाल्यांनी, विजेच्या तारवाल्यांनी आणि पोलिसांनी लिहिलंय. त्यांच्यापैकी कुणाचं तिच्याशी लग्न झालं नव्हतं."

ते बराच वेळ पानं उलटत होते. मग म्हणाले, "मी तो अर्ज परत केल्यावर तुम्ही यांना कळवलंत का?" मी म्हणाले, "मी यथावकाश लिहिलं, सर. खोटं लिहिलं." त्यांनी पेन घेतलं, आपली जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'या नावाने गावाने त्यांना चाळीस वर्षे ओळखले. ते लावावे.'

तिथून मी हॉलरॉईडकडे गेले. त्याच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. सोमवार, २२ एप्रिल, सकाळी अकरा. माझ्यासमोर त्याला गोल करायला लावला. आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून डायरी घेतली. पहिली तारीख तुमची आहे.

आधी पत्र लिहून नकार दिला असता, तर तुमचे चार महिने वाचले असते. ते मी परत देऊ शकत नाही. एवढं मात्र खरं, की त्या दिवशी मी तिथे असेन.

बेरिल

*

२३ एप्रिल १९७४

प्रिय बेरिल,

काल तुझ्यासमोर मला फारसं बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितो. तू पाहिलंस की हॉलरॉईड अकराला दोन मिनिटं कमी असताना आला. त्याला तुझी भीती वाटते असं तो मला नंतर म्हणाला.

तू बस पकडायला गेल्यावर मी आणखी तासभर बसलो. ऊन होतं. नाव छान कोरलंय, 'ल' जरा खोल. मी बोट घालून पाहिलं. इतकी वर्षं मी ते नाव हाकेत घेतलं, पण बोटाने कधी लागलं नव्हतं. मग मी थोडा रडलो, आणि मग बरं वाटलं. तिच्याशी व्हिटबीबद्दलही बोललो. काय बोललो ते तिचं आणि माझं.

हॉलरॉईड हत्यारं आवरत होता. दगडाचा खालचा अर्धा भाग आपल्या पद्धतीप्रमाणे कोरा ठेवला आहे, नवऱ्यासाठी. त्याने टोपी मागे सारून त्या जागेकडे पाहिलं आणि मोठ्या संकोचाने विचारलं, "ही खालची जागा, मिस्टर ऑग्डेन, ती साधारण कधी...?" मी म्हणालो, "यथावकाश." तो लाजला. मला हसू आलं, आणि बराच वेळ थांबेना.

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मला बरोबर वापरल्यासारखा वाटला. याची तारीख मला माहीत नाही, कुणाची चूकही नाही, आणि कुणाला खिडकीशी येऊन भांडायचं नाही. डॉक्टर हिवाळ्याबद्दल बोलत नाहीत, त्यावरून जे समजायचं ते मी समजतो.

सोबत माझी यंदाची डायरी पाठवतो आहे. मला आता तिचा उपयोग नाही, सगळ्या तारखा झाल्या. तुझी भरली की वापर. चौदा तारखा एका शुक्रवारी घालायच्या नाहीत, हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. चार पुरेत. बाकीच्यांना खरं सांगायचं की अजून माहीत नाही. लोक त्यावर रागावत नाहीत, आपल्याला वाटतं तितके.

आईला नमस्कार सांग. हातमोजे घालत जा.

तुझा,
विल्फ्रेड

*

१६ सप्टेंबर १९७४

श्री. हॉलरॉईड यांस,

मिस्टर ऑग्डेन रविवारी, ८ तारखेला गेले, आणि गुरुवारी त्यांना नेलबाईंच्याच थडग्यात ठेवलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी तुम्ही काढलेला दगड आवारातच झाकून ठेवावा.

खालच्या अर्ध्या भागात 'विल्फ' आणि साल, १८९९ ते १९७४, एवढंच कोरायचं आहे. बाकी काही नको असं त्यांनी लिहून ठेवलंय. चॅन्सलरसाहेबांनी नावाबद्दल काही विचारलं नाही. सही केलेला कागद सोबत आहे.

माती बसायला सहा महिने लागतील. दगड सोमवार, १७ मार्च १९७५ रोजी सकाळी अकरा वाजता उभा करायचा आहे. पुढच्या वर्षीच्या डायऱ्या अजून दुकानात आलेल्या नाहीत, म्हणून ही तारीख मी त्यांच्याच डायरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिली आहे.

त्या दिवशी मी तिथे घडीचं स्टूल घेऊन बसलेली असेन.

आपली विश्वासू,
बेरिल कॅचपोल